पाडवा, पाऊण वाजता

रविवार, गुढीपाडवा. रात्रीचे साडेदहा.

आज उभारलेली गुढी या घरातली शेवटची. आमची वाशीतली जेएन-टू प्रकारची सिडकोची बिल्डिंग पुनर्विकासाला जाते आहे, पुढच्या महिन्यात घर रिकामं करून द्यायचं आहे. पंधरा दिवस रोज थोडं थोडं सामान आवरते आहे. माळ्यावर, पितळेच्या घंगाळात, जुन्या साडीत गुंडाळलेला बाबांचा अल्बम सापडला. काळी जाड पानं, मधे बटर पेपर, फोटोंच्या कोपऱ्यांना चिकटवलेले ते छोटे त्रिकोण. निम्मे सुटून आलेत.

त्यातला एक फोटो मी तेव्हापासून पर्समध्येच ठेवला आहे. बाबांच्या क्लिक-थ्री कॅमेऱ्यातला, चौकोनी, काळा-पांढरा. वाशीच्या खाडीकाठी दगडांच्या बांधावर आई, दादा आणि मी. आईने पदर एका हाताने धरून ठेवलाय, म्हणजे वारा असणार. दादा डोळे मिचकावतोय. मी कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये, खाली दगडांत काहीतरी शोधते आहे, बहुतेक खेकडा. आणि मागे नुसतं पाणी. काठोकाठ, सपाट, पार पलीकडच्या काठापर्यंत. डावीकडे वाशीचा पूल, तेव्हा एकच होता, १९७३ साली झालेला. फोटोच्या मागे बाबांच्या अक्षरात निळ्या शाईने लिहिलंय: ‘खाडीवर. पाडवा ८७.’

गेल्या रविवारी हाच फोटो घेऊन खाडीकाठच्या सागर विहारला गेले. मनात होतं की त्याच जागी उभं राहून आताचा फोटो काढायचा आणि दोन्ही शेजारी ठेवून दादाला पाठवायचे. तो एकोणीस वर्षांपूर्वी पुण्याला गेला, त्याला वाशी अजून तीच वाटते. जागा शोधायलाच अर्धा तास गेला. दगडांचा बांध आता फरसबंद चालायच्या रस्त्याखाली गेलाय. रेलिंग, बाकडी, दिवे, व्यायामाची पिवळी-निळी यंत्रं. त्यापलीकडे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, माणसापेक्षा उंच, इतकी दाट की पूल कुठे आहे ते गाड्यांच्या आवाजावरून ओळखायचं. एका ठिकाणी तिवरांमध्ये फट होती, तिथून खाडी दिसली. खाडी कसली, चिखल होता. करडा, चकाकणारा, लांबवर पसरलेला, आणि पार मधे पाण्याची एक पट्टी.

मला भरून आलं. फोटो काढला आणि दोन्ही शेजारी ठेवून दादाला पाठवले. खाली लिहिलं, ‘बघ, आपली खाडी मेली.’ त्याने रडका चेहरा पाठवला. दोन-तीन मैत्रिणींनाही पाठवले.

त्यातल्या एकीचं माहेर जुहूगावचं. तिने तो फोटो तिच्या वडिलांना दाखवला. काका आता ऐंशीच्या घरात आहेत. मंगळवारी तिचा फोन आला, बाबा तुला बोलावतायत. गेले. काका ओट्यावर बसले होते, फोन हातात, माझे दोन्ही फोटो उघडे.

“बाय, ह्यो नवा फोटू कंच्या तिथीला काढलास?”

मी म्हटलं, रविवारी.

“वार नाय इचारला. तिथ इचारली.”

कालनिर्णय बघितलं. फाल्गुन वद्य नवमी.

“नवाची पाऊनपट किती?”

पावणेसात.

“मंग पावनेसातला भरती. एकच्या सुमाराला सुकती. तू सुकतीला जाऊन फोटू काढलास, आनि बोलतेस खारी मेली.”

सुकती म्हणजे ओहोटी. हे गणित मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं खाडीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर राहून माहीत नव्हतं, याची खरंच लाज वाटली. तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ मिळते. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो आणि पाणी त्याच्यामागे चालतं, म्हणून. काका म्हणाले, हे समुद्राचं झालं, खाडीत पाणी आत चढायला त्याच्यावर अजून थोडा वेळ धरायचा. शिवाय नवमीला भांग असतो. अष्टमी-नवमीला चंद्र आणि सूर्य काटकोनात ओढतात, म्हणून पाणी ना पुरतं चढत ना पुरतं उतरत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. “तुजा बापूस पारव्याला गेल्ता. पारवा म्हंजे एकम. एकाची पाऊनपट पाऊन. पाऊन वाजता, उधानाची भरती. बरोबर टायमाला गेल्ता तो.”

मग प्रश्न आला की हा पाडवा कुठला, गुढीपाडवा की दिवाळीचा. आईला विचारलं तर ती ठामपणे म्हणाली दिवाळीचा, कारण माझ्या अंगावरचा फ्रॉक दिवाळीला शिवला होता. काकांच्या दृष्टीने दोन्ही सारखेच: दोन्ही शुद्ध प्रतिपदा, भरती त्याच वेळेला. पण मला राहवेना. रात्री फोटो दिव्याखाली धरला. आमच्या तिघांच्या सावल्या पायाशी गोळा झाल्यात, आईची तर जेमतेम तिच्या गुडघ्याच्या उंचीएवढी. दिवाळीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, भर दुपारीही सावली याहून लांब पडते. चैत्रातच ती एवढी आखूड होते. आणि मुंबईकडे सूर्य माथ्याजवळ येतो तो बारा वाजता नव्हे, मार्चअखेरीस साधारण पाऊण वाजताच. म्हणजे त्या दिवशी पाणी आणि सूर्य एकाच वेळी वर होते आणि बाबांनी नेमका तेव्हा खटका दाबला होता. फ्रॉक दिवाळीचाच असेल, आईने तो जपून पाडव्याला परत घातला असेल. आईला सांगितलं. ती म्हणाली, “हो, तेव्हा एकच चांगला फ्रॉक होता तुला.”

म्हणून आज गेले. श्रीखंड-पुरीचं ताट झाकून ठेवलं, आईला म्हटलं दोनपर्यंत येते. साडेबाराला सागर विहारला पोचले. त्याच फटीपाशी उभी राहिले आणि तोंडून शब्दच फुटेना. पाणी तिवरांच्या बुंध्यांत शिरलं होतं. गेल्या रविवारी चिखलातून वर आलेली ती पेन्सिलीसारखी मुळं सगळी बुडाली होती. मधली पट्टी कुठे संपते आणि पलीकडचा काठ कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. बाबांच्या फोटोत आहे तसं सपाट, भरलेलं पाणी. एक वाजला तरी चढतच होतं, काका म्हणाले होते तसं.

फोटो काढला. पण आता तिन्ही शेजारी ठेवल्यावर मला पहिल्यापेक्षा जास्त कळेनासं झालं आहे, म्हणून हे लिहीत बसले आहे.

मी गृहीत धरलं होतं की जुन्यात निसर्ग आणि नव्यात सिमेंट असणार. सिमेंट आहेच. पण ८७च्या फोटोत एकही झाड नाही. एकही तिवर नाही. बांध, पाणी, आभाळ. हिरवं आहे ते आताच्या फोटोत. आणि त्या हिरव्यानेही नुसतं हुरळून जाता येत नाही, कारण खाडीत गाळ साठत गेला, उथळ जागा वाढल्या, तसतशी तिवरं पुढे सरकत गेली. गेल्या रविवारचा ‘मेलेला’ फोटो आज मोठा करून बघितला तर चिखलावर गुलाबीसर ठिपके आहेत. फ्लेमिंगो. सुकतीलाच चिखलावर उतरून खातात ते. आमच्या लहानपणी ते इथे बघितल्याचं आईलाही आठवत नाही, दादालाही नाही. १९९०च्या दशकात शिवडीकडे मोठे थवे येऊ लागले, आणि २०१५ साली ठाणे खाडीत त्यांच्यासाठी अभयारण्य झालं, २०२२ला खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. ज्या फोटोखाली मी ‘मेली’ लिहिलं त्यातच ते चिखलात चोची घालून खात होते आणि मला दिसले नाहीत. दादाला आज तिन्ही फोटो परत पाठवले आणि ते वाक्य मागे घेतलं.

अल्बममध्ये धारण तलावाचाही एक फोटो आहे, रंगीत, ९०-९१चा. होल्डिंग पाँड म्हणायचो आम्ही, काही जण नुसतं ‘पाँड’. दादा काठावर सायकल घेऊन उभा आणि मागे उघडं पाणी. आता त्याच तलावात निम्म्याहून जास्त गाळ आहे आणि गाळावर तिवरं. हा फोटो काकांना दाखवला, त्या तलावाचं काम मला समजावून सांगावंसं वाटलं, शाळेत सहलीला नेऊन आम्हाला सांगितलं होतं तसं: भराव घातलेली ही जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे, भरतीच्या वेळी पाऊस पडला तर नाल्यांचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही, म्हणून ते तलावात साठवायचं. तोंडाशी झडपा, फक्त बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या. खाडी चढली की तिच्याच दाबाने झडपा बंद होतात, ओहोटी लागली की आतलं पाणी त्या ढकलून बाहेर पडतं. हॉलंडची पद्धत, असं आमच्या बाईंनी सांगितलं होतं.

काका शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “ही त आमची उघारी.”

उघाडी. खारबांधातलं दार. त्यांच्या भातशेतीला असायची. खाडीच्या बाजूने मातीचा बांध, बांधात उघाडी, तिला लाकडी झडप. पावसाळ्यात भरतीला झडप मिटायची म्हणजे खारं पाणी शेतात येत नसे, सुकतीला उघडायची म्हणजे पावसाचं जादा पाणी निघून जाई. पाळीपाळीने घरं राखायची. रात्री-बेरात्री कंदील घेऊन जायचं, दारात काटकी अडकली का बघायचं. एवढीशी काटकी अडकली तरी झडप पुरती मिटत नाही, खारं पाणी आत येतं, आणि ते एकदा शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं भात नीट होत नाही. बांधाला खांड पडली तर सगळा गाव धावायचा.

हे ऐकताना मला धारण तलावाचा गाळ पहिल्यांदा समजला. झडप पुरती मिटत नसेल तर प्रत्येक भरतीला खाडीचं पाणी आत येणार, येताना गाळ आणणार, आणि त्याच्याबरोबर तिवराची बीही. मग तिथे कांदळवन उभं राहतं, आणि कांदळवन तोडायचं नाही असा कायदा आहे. २०१८च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने तर तो आणखी पक्का केला, आणि ते योग्यच आहे, मी त्याच बाजूची आहे. पण साठवायला जागाच उरली नाही तर पावसाचं पाणी आपल्या सेक्टरमध्ये थांबेल. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दुपारी मोठी भरती होती. तो दिवस इथल्या प्रत्येकाने काढला आहे. तळमजल्यावरच्यांच्या गाद्या आम्ही जिन्यात आणून ठेवल्या होत्या. भिंतींवर फ्लेमिंगो रंगवलेत, सुंदर आहेत, मला आवडतात. पण त्याआधी झडपांकडे कुणीतरी कंदील घेऊन गेलं पाहिजे, काकांच्या घरातले जायचे तसं, पाळी लावून.

आणि मग ती गोष्ट, जिच्यामुळे मला खरं तर झोप येत नाहीये.

बाबांच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात पाण्यात एक काळी रेघ आहे. बोटभर लांब, मधे तुटलेली. मी लहानपणापासून तो फोटोवरचा ओरखडा समजत होते. काकांनी फोनवर तो कोपरा दोन बोटांनी मोठा केला. खूप वेळ बघत राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, “ह्यो आमचा बांध हाय. आनि ही तुटलेली जागा, ती उघारी. दार तवाच कारून नेल्तं कुनीतरी.”

मी बाबांच्या फोटोला ‘पूर्वीची वाशी’ म्हणत होते. काकांच्या लेखी तो नंतरचा फोटो आहे. आम्ही आलो तेव्हा जमीन संपादन होऊन कितीतरी वर्षं झाली होती. १९७०मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, ९५ गावांची जमीन या शहरात आली. भातखाचरं, मिठागरं, सगळं. जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणकडे शेतकरी रस्त्यावर आले, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायचं सूत्र निघालं. काका त्या आंदोलनात होते. त्याबद्दल ते फार बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मी विचारलं ते इतकंच: तुमच्याकडे त्या वेळचा शेताचा फोटो आहे का?

“फोटू कुनाकरं होता? क्यामेराच नवता गावात. लग्नाचा एक हाय, तो पन स्टुडिओतला, मागं रंगवलेला बंगला.”

म्हणजे त्यांच्या बांधाचं जगात असलेलं एकमेव चित्र माझ्या पर्समध्ये होतं, आणि मी ते ओरखडा म्हणून बघत होते. बाबांनाही माहीत नव्हतं. ते आम्हाला फोटोत घ्यायला गेले होते.

आज दुपारी परतताना काकांकडे थांबले, पाडव्याचं श्रीखंड दिलं, नवा फोटो दाखवला. जिथे ती रेघ होती तिथे आता तिवरंच तिवरं. भरतीला पाण्यात उभी. त्यांनी बघितलं आणि परत जुन्याकडे गेले. निघताना मी म्हटलं, याची मोठी प्रत काढून देते तुम्हाला. म्हणजे तो कोपरा तेवढा वेगळा काढून, मोठा करून.

“बांध दिसंल असा कार,” ते म्हणाले. “पन तुमाला कापू नको. तू काय शोधत होतीस दगरात, ते पन राहू दे.”