भिंतीतल्या केबलचा ताण मोजताना : माझा अनुभव

अणुवीज केंद्रातली घुमटाची ती मोठी इमारत, म्हणजे कंटेनमेंट, बाहेरून पाहिली तर नुसतं काँक्रीट दिसतं. बऱ्याच केंद्रांत तिची ताकद मात्र भिंतीत घातलेल्या पोलादी केबलमध्ये असते. काँक्रीट दाबाला दणकट, पण ताणाला कच्चं. अपघातात आत वाफेचा दाब वाढला की भिंत फुगू पाहते, म्हणून तिला आधीच आवळून ठेवतात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतात तसं. १९७९ साली अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड केंद्रात अपघात झाला तेव्हा आत हायड्रोजन पेटला, दाब एकदम उसळला, आणि कंटेनमेंट टिकली.

पण ही आवळण पहिल्या दिवसाइतकी राहत नाही. काँक्रीट सुकताना आकसतं, सततच्या भाराखाली वर्षानुवर्षं थोडं थोडं दबत जातं. ताणलेलं पोलादही किंचित सैलावतं. किती सैलावलं, हे अमेरिकेतल्या बऱ्याच केंद्रांत प्रत्यक्ष मोजता येतं, कारण तिथल्या केबल ग्रीस भरलेल्या नळ्यांत मोकळ्या असतात. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी, मग दर पाच वर्षांनी ही तपासणी होते. सांगलीला सिव्हिल शिकून मी तिकडे नोकरीला गेले आणि काही काळाने एका जुन्या केंद्रावरच्या अशा तपासणीत माझं नाव लागलं.

आत पाऊल टाकण्याआधी पार्श्वभूमीची चौकशी, मानसिक चाचणी, किरणोत्सर्गाचं प्रशिक्षण. वेळ जातो, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही.

कुठल्या केबल मोजायच्या ती यादी ठरलेली होती. केबलचे तीन गट: उभ्या, भिंतीभोवती फिरणाऱ्या आडव्या, आणि घुमटावरच्या. प्रत्येक गटातून थोड्या केबल यादृच्छिक पद्धतीने निवडतात, म्हणजे हाताशी येणारी सोयीची जागा बघून कोणी निवड करू शकत नाही. शिवाय प्रत्येक गटात एक केबल अशी, जी दर तपासणीला पुन्हा मोजायचीच. तिला ढिली करायची नाही, तिची तार काढायची नाही. मला या केबल सगळ्यांत मोलाच्या वाटतात. जुन्या फायलीत त्यांचे पहिले आकडे हाताने लिहिलेले होते, खाली त्या दिवसाचं तापमान आणि जॅकचा, म्हणजे केबल ओढणाऱ्या यंत्राचा, क्रमांकसुद्धा. इतक्या वर्षांनी माझ्या आकड्याला अर्थ येणार होता तो त्या माणसाने तेव्हा नीट लिहून ठेवलं म्हणून.

सुरुवात टेंडन गॅलरीतून झाली. टेंडन म्हणजे या केबलच. पायाच्या स्लॅबखाली गोल फिरणारा हा बोगदा. उभ्या केबलची खालची टोकं त्याच्या छतातून बाहेर आलेली असतात. टोकावरची टोपी उघडताना खाली पिंप धरायचं. आधी ग्रीस पडतं की पाणी, याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, कारण पाणी दिसलं की गंजाची शंका आलीच. आमच्याकडे नुसतं ग्रीस आलं, तरी त्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला: पाणी किती, क्लोराइड, नायट्रेट, सल्फाइड किती.

ग्रीस पुसल्यावर अँकर दिसतो. पोलादाची जाड तबकडी आणि तिच्यावर दाटीवाटीने बसलेली तारांची गोल डोकी. या केबलमध्ये १७० तारा होत्या, प्रत्येक पाव इंच जाडीची. तारेचं टोक ठेचून डोकं बनवतात, आणि त्या डोक्याच्या आधारावर तार तबकडीत अडकून राहते. एकेक डोकं टॉर्चच्या उजेडात बघायचं, चीर आहे का, गंज आहे का. सगळी मोजायची आणि जुन्या नोंदीशी ताडायची. मान वर करून हे करताना खांदे भरून येतात.

मग जॅक. तबकडी आणि भिंतीवरची प्लेट यांच्यामध्ये पोलादी शिम, म्हणजे फट भरणारे तुकडे, असतात आणि केबलचा सगळा भार, सहाशे टनांच्या आसपास, त्यांच्यावर असतो. जॅक तबकडीला धरून ओढतो. बराच वेळ काहीच हलत नाही, फक्त काटा चढत जातो. फीलर गेज, म्हणजे फट तपासायची पातळ पट्टी, शिमच्या फटीशी लावून मी बसले होते. जॅकच्या सरळ रेषेत कोणी थांबायचं नाही, तार तुटली तर ती बाहेर झेपावते, हे फोरमनने दोनदा बजावलं होतं. जॅकने पूर्ण भार पेलला त्या क्षणी आतापर्यंत अडणारी पट्टी हातातून अलगद आत सरकली. ‘सुटली!’ मी ओरडले, आणि पलीकडे दाब वाचला गेला. तोच त्या केबलमधला आजचा ताण. हे पुन्हा पुन्हा करून आकडे जुळतात का बघायचे. जॅकचं कॅलिब्रेशन कामाआधी होतं आणि कामानंतरही.

आडव्या गटातली एक केबल कमी भरली. त्या वर्षी किती ताण उरेल याच्या अंदाजाच्या ९५ टक्क्यांच्या खाली, ९० च्या वर. नियम असा, की अशा वेळी तिच्या दोन्ही शेजारणी मोजायच्या. त्यासाठी छतावरून सोडलेला पाळणा हलवावा लागतो, वाऱ्याचा दिवस असला तर थांबावं लागतं. तरी मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. एकटी केबल सैल असणं वेगळं आणि भिंतीचा एक अख्खा पट्टा सैल पडणं वेगळं. शेजारच्या दोन्ही ठीक निघाल्या. मग कमी भरलेलीला शिम वाढवून ताण दिला.

प्रत्येक गटातली एक केबल पूर्ण ढिली करून तिची एक तार बाहेर काढतात, तपासतात, तुकडे करून तोडून बघतात. एका वेळी एकच केबल सोडायची, कारण आवळलेल्या काँक्रीटमधला ताणाचा तोल नाजूक असतो. फ्लोरिडातल्या क्रिस्टल रिव्हर केंद्रात २००९ साली स्टीम जनरेटर बदलण्यासाठी केबल सोडून भिंत कापायला घेतली, तेव्हा भिंतीत आतल्या आत थर सुटलेला सापडला. दुरुस्तीच्या वेळी २०११ मध्ये आणखी थर सुटले, आणि २०१३ मध्ये केंद्र कायमचं बंद करायचं ठरलं. आपल्या जवळ, कारवारपासून फार लांब नसलेल्या कैगा अणुवीज केंद्रात, १९९४ च्या मे महिन्यात बांधकाम चालू असताना, केबल ताणतानाच आतल्या घुमटाचा थर सुटून खाली आला होता. वक्र केबल ताणली की ती काँक्रीटला जाडीच्या दिशेने फाडू पाहते.

आपल्याकडच्या बऱ्याच केंद्रांत केबलच्या नळ्यांत सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पातळ मिश्रण, भरतात. गंजापासून चांगलं संरक्षण मिळतं, पण केबल जॅकने उचलून मोजता येत नाही. मग भरवसा भिंतीत बसवलेल्या, काँक्रीटचं आकसणं-ताणणं मोजणाऱ्या व्हायब्रेटिंग वायर गेजवर आणि इमारतीत हवा भरून घेतलेल्या दाबाच्या चाचण्यांवर. तारापूरला बीएआरसीने, म्हणजे भाभा अणु संशोधन केंद्राने, ५४० मेगावॉटच्या अणुभट्टीच्या कंटेनमेंटची एक चतुर्थांश आकाराची प्रतिकृती बांधून, तिच्यात शेकडो सेन्सर बसवून दाबाखाली तपासली, ती कंटेनमेंट किती दाब पेलू शकते हे बघण्यासाठी. फ्रान्समध्ये काही उभ्या केबल मुद्दाम ग्रीसमध्ये ठेवून त्यांवर बल मोजणारी साधनं लावलेली आहेत. अशा थोड्या केबल नव्या कंटेनमेंटमध्ये सर्वत्र मोकळ्या ठेवाव्यात, असं माझं ठाम मत आहे.

ताजं ग्रीस गरम करून पंपाने भरलं. जितकं बाहेर आलं त्याच्या मानाने किती आत गेलं, याचाही हिशेब लिहायचा. फार फरक पडला तर ग्रीस कुठेतरी झिरपतंय.

शेवटचं काम टेबलावरचं. काळाचा लॉगरिदम आडव्या अक्षावर, ताण उभ्या अक्षावर, आणि पहिल्या वर्षापासूनचे सगळे बिंदू. या केंद्राचा परवाना ४० वर्षांवरून ६० वर्षांवर गेलेला, म्हणून गटाची रेषा तिथवर वाढवायची आणि किमान लागणाऱ्या ताणाच्या वर राहते का ते बघायचं. तिन्ही गटांची राहिली. कमी भरलेल्या केबलची नोंद मी वेगळी केली: मोजलेला ताण, वाढवलेले शिम, तापमान, जॅकचा क्रमांक. नवा ताण दिल्यामुळे तिचे यापुढचे आकडे गटाच्या रेषेत धरू नयेत, हेही लिहिलं. पुढच्या खेपेला ती यादीत आली नाही तरी तिला मोजावं, अशी शिफारस केली, आणि ती मान्य झाली.