पडलेल्या विटांची पाठ

दिवाळीनंतरच्या आठवड्यात पुण्याच्या बावधनमधल्या एका रो-हाउसची भिंत बघायला गेलो. हॉलमध्ये टीव्हीमागच्या भिंतीवर मे महिन्यात ब्रिक टाइल लावलेल्या, म्हणजे २३० बाय ७५ मिलिमीटरच्या, २० मिलिमीटर जाडीच्या भाजक्या विटेच्या चकत्या. आदल्या रात्री त्यातला वरचा निम्म्याहून जास्त भाग एकसंध खाली आला होता. टीव्ही गेला. माणूस खाली कोणी नव्हतं, एवढंच बरं.

मिस्त्री आधीच येऊन उभा होता. "साहेब, केमिकल एक नंबर वापरलंय, पिशव्या दाखवतो." टाइल चिकटवायच्या पावडरीला आपल्याकडे सगळे केमिकलच म्हणतात. आणि तो खरं बोलत होता.

पडलेली वीट समोरून बघून काही कळत नाही, तिची पाठ बघावी लागते. ढिगातल्या दहा-बारा उचलल्या. प्रत्येकीच्या मागे केमिकल पूर्ण पसरलेलं, दातेरी थापीने ओढलेल्या रेघा दाबून सपाट झालेल्या. छिन्नीने खरवडलं तर वीट फुटत होती, केमिकल सुटत नव्हतं. पण त्या केमिकलच्याही मागे पांढरी भुकटी, अगदी सगळ्या भागावर, खडूवरून हात फिरवल्यासारखी. भिंतीकडे गेलो आणि नख ओढलं. रेघ उठली. जिप्सम.

नव्या बांधकामांत आतल्या भिंतींना वाळू-सिमेंटचा गिलावा जाऊन सरळ जिप्सम येतं. रंगासाठी उत्तम, गुळगुळीत आणि पाणी मारायची कटकट नाही. त्यावर सिमेंटचं केमिकल थेट लावलं की दोन गोष्टी होतात. जिप्सम लगेच पाणी शोषतं, त्यामुळे सांध्यालगतचं सिमेंट धड घट्ट होण्याआधीच कोरडं पडतं. दुसरी गोष्ट सावकाश होते. ओल मिळत राहिली की जिप्सममधलं सल्फेट आणि सिमेंटमधलं ॲल्युमिनेट मिळून एट्रिंगाइटचे सुईसारखे स्फटिक तयार होतात. ते फुगतात आणि केमिकलला जिप्समपासून आतून ढकलत राहतात. ही भिंत घराच्या बाहेरच्या बाजूची, पावसाळाभर ओल धरलेली. म्हणून मेमध्ये लावलेलं नोव्हेंबरात पडलं. मधल्या काळात काही दिसलं नाही, कारण सांध्यांतला मसाला कडक होता. तो सुटलेल्या विटांना एकमेकींत धरून ठेवतो. त्यामुळे एक-एक वीट निखळत नाही, पडदा पडावा तशी भिंत येते.

प्रायमर मारला असता तर हे टळलं असतं का? रसायन टळलं असतं, वजन नाही. हिशोब तिथेच वहीत केला. १० मिलिमीटरचा सांधा धरून चौरस मीटरला ४९ विटा. २० मिलिमीटर जाडीला या ४९ विटांचं मिळून वजन ३२-३३ किलो, केमिकल आणि सांधे धरून ४२ च्या आसपास. भिंत १२ फूट बाय साडेनऊ फूट, म्हणजे १०.६ चौरस मीटर. जवळपास ४४५ किलो त्या जिप्समच्या पापुद्र्याला लटकलेले. ब्रिटिश टाइलिंगच्या संहितेत जिप्सम प्लास्टरवर चौरस मीटरला २० किलो ही मर्यादा आहे, जिप्सम बोर्डावर ३२. घरमालक काकूंनी विचारलं, पातळ विटा चालतील का? १० मिलिमीटरच्या घेतल्या तरी सगळं मिळून २४-२५ किलो होतात. नाही चालत.

जाता जाता गच्चीवर नेलं, "तिथलं तरी ठीक आहे ना बघा." कठड्याची बाहेरची पश्चिम बाजू, २४ फूट बाय साडेतीन फूट. खाली सिमेंटचा गिलावा, म्हणजे पाया चांगला. छिन्नीच्या लाकडी मुठीने ठोकत गेलो. भरीव जागी ठक्क वाजतं. इथे निम्म्याहून जास्त ठिकाणी ढबढब.

एक वीट काढली. आत वेगळीच कथा. केमिकल सगळं भिंतीवरच, दातांच्या रेघा उभ्याच्या उभ्या, माथ्यावर किंचित चकाकणाऱ्या. विटेची पाठ कोरी लाल, बोट फिरवलं तर धूळ. मेच्या दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर केमिकल पसरून ठेवलं की पिशवीवर वीस मिनिटं लिहिलेली असली तरी सात-आठ मिनिटांत वर साय धरते. वरून ओलं दिसतं, पण बोट लावलं की काही चिकटत नाही. त्यात थापी ३ मिलिमीटर दातांची. काकूंकडे बिल होतं: २० किलोच्या ५ पिशव्या. चौरस मीटरला ७ किलो धरले तर हॉलला ४ आणि कठड्याला ३ लागतात. हॉल भरून झाल्यावर गच्चीला एकच उरली होती.

आणखी एक. कठड्याला वर फरशी नाही, पाणी भिंतीपासून दूर टपकवणारी पागोळीची कडही नाही. पाणी वरून विटांच्या मागे उतरतं. समोरून चकचकीत कोट मारलेला, म्हणून ते बाहेर पडत नाही आणि लोणा, म्हणजे विटेतून निघणारा पांढरा क्षार, कोटाच्या खाली फुलतो. तो पुसून जात नाही, कोटच काढावा लागतो. विटेला श्वास घेऊ देणारं सिलेन-सिलॉक्सेनचं पाणीरोधक चालतं, तेही लोणा कोरड्या ब्रशने झाडून झाल्यावर. ॲसिडने धुवायची घाई नको, रंगीत सांधे जळतात.

दुरुस्ती अशी ठरली. हॉलमधलं जिप्सम ब्लॉकपर्यंत पूर्ण काढायचं. कॉलम आणि ब्लॉकच्या जोडावर जाळी, मग १:४ चा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) १२ ते १५ मिलिमीटर सिमेंट गिलावा, ७ दिवस पाणी आणि नंतर चार आठवडे वाळू द्यायचा. थराची पट्टी, म्हणजे विटांच्या थरांच्या खुणा केलेली मोजपट्टी, आधी बनवायची: साडेनऊ फुटांत ८५ मिलिमीटरचे बरोबर ३४ थर बसतात, छताशी चिरफाळ्या येत नाहीत. एका वेळी चार-पाच खोक्यांतल्या विटा मिसळायच्या, नाहीतर रंगाचे पट्टे दिसतात. विटा भिजवायच्या नाहीत, ओल्या कुंच्याने पाठ पुसायची. भिंतीवर ६ मिलिमीटर दाताची थापी आणि विटेच्या पाठीलाही पातळ हात. एका वेळी पसरायचं ते दोन-तीन चौरस फूट. दर तासाला ताजी लावलेली एक वीट ओढून बघायची, बाहेरच्या कामात पाठ ९५ टक्के तरी भरलेली हवी. सांधे दुसऱ्या दिवशी, टोकातून मसाला पिळायच्या पिशवीने भरायचे. अंगठा रुतणार नाही इतपत आवळले की गोल सळईने ओढायचे. ओल्या स्पंजने पुसायला गेलं की विटांवर सिमेंटचं धुकं बसतं, त्याचा वैताग वेगळाच. कठड्यावर दर ३ ते साडेचार मीटरला सिलंटचा, म्हणजे लवचिक भरावाचा, उभा सांधा, आणि माथ्यावर पागोळी काढलेली फरशी आधी.

मिस्त्रीला पैशापेक्षा चार आठवडे थांबणं जास्त जड गेलं. "एवढ्यात दुसरी साइट होते साहेब." तरी थांबला.

जानेवारीत गिलावा वाळल्यावर हॉलच्या भिंतीवर नमुन्याच्या तीन विटा लावून ठेवल्या. सातव्या दिवशी त्यानेच छिन्नी लावली. पहिली वीट आडवी फुटली. दुसरीही. तिसरी निघाली, पण पाठीला रुपयाएवढा सिमेंटचा गिलावा घेऊन. तो त्याने खिशात टाकला आणि खोकी उघडायला घेतली.