संत्र्याची सालं आणि क्रॅनबेरीची खाचरं

न्यू जर्सीच्या सरकारी उद्यानांत कचऱ्याचे डबे नसतात. राहून गेलेत असं नाही, मुद्दामच ठेवत नाहीत. तुम्ही आणलंत, तुम्हीच परत न्या, असा नियम. परवा डबल ट्रबल स्टेट पार्कात सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, संत्रं सोललं आणि सालं मुठीत धरून डबा शोधत राहिले, तेव्हा या नियमाचा पहिल्यांदा राग आला.

बाबांना दर रविवारी सिंहगड चढायची सवय. इथल्या थंडीत घरात बसून ते अगदी कंटाळले होते, म्हणून ही सोपी वाट निवडली. पाइन बॅरन्स या पाइनच्या जंगलपट्ट्यातली रेताड जमीन, दीडेक मैलांचा फेरा, चढ नावालाही नाही. "याला चालणं म्हणतात?" हे त्यांनी गाडीतून उतरल्या उतरल्या विचारून घेतलं.

पण सीडर क्रीक या ओढ्यापाशी ते थांबले. पाणी स्वच्छ, पण रंग थेट कोऱ्या चहाचा. झाडपाल्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि जमिनीतलं लोह, त्याचा हा रंग. पुढे बांध घातलेली क्रॅनबेरीची, म्हणजे एका लाल आंबट फळाची, खाचरं. वेल जमिनीलगत पसरलेले, थंडीने काळपट लाल झालेले. कोरड्या बोचऱ्या वाऱ्याने वेल सुकू नयेत म्हणून शेतकरी हिवाळ्यात खाचरं पाण्याखाली ठेवतात. भाताच्या खाचरात पाणी का ते बाबांना ठाऊक, पण थंडीपासून वाचवायला पाणी, हे काही त्यांना पटेना.

बांधाच्या कडेला एक सुरकुतलेलं फळ सापडलं. बाबांनी नखाने उकललं. आत चार पोकळ कप्पे. त्यातल्या हवेमुळे फळ तरंगतं, म्हणून काढणीच्या वेळी खाचर भरून घेतात, फळं वेलांपासून झोडून सोडवतात आणि वर आलेली काठाशी ओढतात. चव आंबटढाण. पाकिटातल्या क्रॅनबेऱ्या गोड लागतात त्या साखरेच्या जिवावर.

सालं एव्हाना माझ्या जॅकेटच्या खिशात गेली होती. "अगं, ते काय प्लास्टिक आहे? झाडाखाली खत झालं असतं," बाबा म्हणाले. मी नियमाची बाजू घेतली. इथे राहून ती सवयच लागते. मग त्यांनी पार्कातली माहितीची पाटी चष्मा लावून वाचली आणि मला पकडलं. इथे आधी सीडरच्या झाडांची दलदलीतली जंगलं होती. ती तोडून करवतीच्या गिरणीत फळ्या पाडल्या, मोकळ्या झालेल्या दलदलीत क्रॅनबेरी लावली. १९०९ साली रीतसर कंपनी निघाली, फळं निवडायची-भरायची इमारत उभी राहिली, ती अजून आहे. १९६४ साली क्रीकचा परिसर जपायला सरकारने सगळं विकत घेतलं. "म्हणजे जंगल यांनी विकून खाल्लं, आणि सालं मी खिशात घालायची!"

मी सिंहगडावरच्या वेफर्सच्या पाकिटांचा विषय काढला. "तिथे रविवारी माणसं किती येतात? इथे आपण आणि ती कुत्रं फिरवणारी बाई." खरंच आहे. शिवाय गडावर पिठलं-भाकरी, भजी, मडक्यातलं दही विकून कितीतरी घरं चालतात. इथे शिस्त आहे, पण घोटभर चहाला माणूस तरसतो. मी इतकी वर्षं इथे राहते, तरी चहा न मिळणाऱ्या जागेला सहल म्हणायला जीभ वळत नाही. पाकिटं मात्र सिंहगडावरूनही खाली आणता येतात, हे मी मनातच म्हटलं. सुनेने किती बोलावं!

जायचं तर थंडीतच जा, उन्हाळ्यात या भागात गोचिड्या फार. बाबांना आता फळं तरंगताना बघायची आहेत. न्यू जर्सीतच चॅट्सवर्थ गावाकडे क्रॅनबेरीची अजून व्यावसायिक शेती होते, तिथे तो सोहळा दिसतो. पण तो ऑक्टोबरात, आणि दिवाळीच्या तोंडावर पुणं सोडायला ते तयार नाहीत.