मणी मोजणारा कोड ब्राउझरमध्ये कुठे अडत होता: माझा अनुभव

द्राक्षाच्या घडाचा फोटो काढला की मण्यांचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगणारं एक साधन आम्ही नाशिकमध्ये बनवतोय. मोजणीचा गाभा सी-प्लस-प्लसमध्ये आहे. इमस्क्रिप्टेन या कंपायलरनं तो वेबअसेम्ब्लीत, म्हणजे ब्राउझर वेगानं चालवू शकतो अशा बायनरी रूपात, कंपाइल करतो आणि थेट ब्राउझरमध्ये चालवतो. त्यामुळे फोटो सर्व्हरवर पाठवावा लागत नाही, आणि पान एकदा उघडलं की बागेत रेंज गेली तरी मोजणी होते. २०१७ पासून चारही मोठ्या ब्राउझरांत वेबअसेम्ब्ली आहे, तेव्हा स्वस्त फोनवरही ती मिळते.

वेग मात्र मिळत नव्हता. कॉलेज रोडच्या ऑफिसात लॅपटॉपवर उत्तर लगेच यायचं, आणि दिंडोरीकडच्या बागेत साध्या अँड्रॉइड फोनवर चाक फिरत राहायचं. तिथले एक नाना खिशात व्हर्नियर, म्हणजे व्यास मोजायची पट्टी, ठेवूनच बागेत फिरतात. ते म्हणाले, "भाऊ, तुमचं उत्तर येईस्तोवर माझे दहा मणी मोजून होतात." खरंच होत होते. ज्याला विरळणीच्या गडबडीत वेळ नाही, त्याला थांबायला लावणारं साधन तो दुसऱ्यांदा उघडणार नाही.

टीममध्ये सगळ्यांचा संशय मण्यांच्या कडा शोधणाऱ्या भागावर होता. मी म्हटलं, आधी मोजू. फोन यूएसबीनं लॅपटॉपला जोडला, क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून फोनमधला टॅब उघडला आणि परफॉर्मन्स पॅनेलमध्ये रेकॉर्डिंग घेतलं. लॅपटॉपवरच्या प्रोफाइलवर, म्हणजे कुठल्या फंक्शनला किती वेळ लागला या नोंदीवर, विसंबायचं नाही हे मी पक्कं केलं होतं, कारण तक्रार फोनची होती.

इथे एक गोष्ट माहीत असायलाच हवी. डेव्हटूल्स, म्हणजे ब्राउझरमधली तपासणीची साधनं, उघडले की डीबगिंगची सोय व्हावी म्हणून क्रोम वेबअसेम्ब्लीचा कोड ऑप्टिमाइझ न केलेल्या रूपात चालवतो. त्या वेळी कन्सोलमध्ये छापलेल्या वेळा खऱ्या नसतात. परफॉर्मन्स पॅनेलमधून रेकॉर्डिंग सुरू केलं की कोड पुन्हा पूर्ण वेगानं चालतो. म्हणून आकडा घ्यायचा तर या पॅनेलमधून घ्यावा, नाहीतर डेव्हटूल्स बंद ठेवून काम होऊ द्यावं आणि कन्सोल शेवटी उघडून बघावा.

पहिलं रेकॉर्डिंग वाचताच येईना. आलेखात नुसत्या पट्ट्या, आणि प्रत्येकीवर फंक्शनच्या नावाऐवजी चौकटी कंसातला क्रमांक. ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डमध्ये, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेल्या आवृत्तीत, फाइल लहान राहावी म्हणून फंक्शनांची नावं काढून टाकलेली असतात. हे क्रमांकही भरवशाचे नाहीत, कोड बदलून नवा बिल्ड केला की सरकतात. लिंक करताना 'प्रोफायलिंग-फंक्स' हा पर्याय दिला की ऑप्टिमायझेशन तसंच राहतं आणि नावं टिकतात. फाइल फुगते, पण तपासाच्या बिल्डला ते चालतं.

नावं आल्यावर फंक्शनांची 'बॉटम-अप' यादी सेल्फ टाइमनुसार, म्हणजे प्रत्येकानं स्वतः घेतलेल्या वेळेनुसार, लावली. कडा शोधणारा भाग बराच खाली होता. सगळ्यात वर होतं 'पॉव', म्हणजे संख्येचा घात काढणारं फंक्शन, आणि त्याखाली 'एक्स्प', म्हणजे e या संख्येचा घात काढणारं.

कारण नीट समजून घेतलं. वर्गमूळ काढायला वेबअसेम्ब्लीत स्वतंत्र सूचना आहे, पण घात काढायला तशी सूचना नाही. इमस्क्रिप्टेन त्यासाठी मसल या सी लायब्ररीतलं फंक्शन कंपाइल करून आपल्या फाइलमध्येच घालतो, आणि दर वेळी ती सगळी आकडेमोड होते. आता ते बोलावतं कोण? यादीत एकच भलंमोठं फंक्शन दिसत होतं, कारण छोटी फंक्शनं कंपायलरनं त्याच्यातच मिसळून टाकली होती. संशयितांवर तात्पुरतं 'नोइनलाइन', म्हणजे मिसळू नको अशी खूण, लावलं, तेव्हा ती वेगवेगळी झाली. एक होतं रंगाचं गॅमा काढणारं, म्हणजे घात वापरून रंगाची उजळता बदलणारं. दुसरं होतं बायलॅटरल फिल्टर, जे फोटोत मण्यावरचा पांढुरका थर गुळगुळीत करतं आणि कडा मात्र राखतं.

१२ मेगापिक्सेलच्या फोटोत दर पिक्सेलला तीन रंग, म्हणजे गॅमासाठीच घात ३ कोटी ६० लाख वेळा काढला जात होता. पण ८ बिटांच्या रंगाच्या शक्य किमती ० ते २५५ एवढ्याच! २५६ उत्तरं सुरुवातीलाच काढून तक्त्यात ठेवली आणि पुढे फक्त तक्ता वाचला. फिल्टरमध्येही तेच केलं, कारण दोन पिक्सेलांच्या रंगातला फरकही २५५ पलीकडे जात नाही. व्यासाच्या उत्तरात काही फरक पडला नाही, आणि 'पॉव' यादीच्या वरच्या भागातून गेलं.

पुढच्या प्रोफाइलमध्ये वर आलेलं काम वेबअसेम्ब्लीच्या बाहेरचं होतं. कॅमेरा चालू असताना घड शोधायला आम्ही कॅनव्हासवरून, म्हणजे पानावरच्या चित्र काढायच्या जागेवरून, पिक्सेल पुन्हापुन्हा वाचतो, आणि चित्र जीपीयूकडे, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपकडे, असेल तर ते दर वेळी मागं आणावं लागतं. कॅनव्हासचा संदर्भ घेताना 'विल रीड फ्रीक्वेंटली' चालू केलं, तेव्हा तो भार उतरला. सी-प्लस-प्लसमध्ये कितीही घासलं असतं तरी हे तिथे सापडलं नसतं.

फोन तापला की स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून दोन रेकॉर्डिंगांमध्ये त्याला सावलीत गार होऊ देतो. नावांसकटचा बिल्ड आता प्रत्येक आवृत्तीबरोबर जपून ठेवतोय. पुढचं काम १२८ बिटांच्या सिम्ड सूचनांचं, म्हणजे एका झटक्यात अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांचं, आहे. फिल्टर त्यांत बसवायचाय, आणि त्याचीही तपासणी बागेतल्या त्याच फोनवर करायची आहे.