संशोधन निधीच्या योजनेचं मूल्यमापन: माझा अनुभव

दोन देशांच्या पैशांवर चालणाऱ्या एका संशोधन योजनेचं मूल्यमापन करायला मला बोलावलं, तेव्हा हाती आधी आली ती शोधनिबंधांची यादी. दोन्हीकडचे लेखक असलेले निबंध मोजायचे, त्यांचे संदर्भ कितींनी दिले ते बघायचं आणि अहवाल लिहायचा, असं साधारण ठरलेलं होतं.

ही मोजणी फसवी असते. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या ॲटलास आणि सीएमएस या प्रयोगांनी २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर एकत्र निबंध लिहिला. त्यावर ५,१५४ लेखक आहेत! असा एक निबंध यादीत शिरला की कितीतरी देशांच्या जोड्यांचं 'सहकार्य' वाढतं. म्हणून प्रत्येक निबंधाचं श्रेय लेखकांत वाटून मोजलं, आणि आकडे झपकन खाली आले. काळाचाही प्रश्न असतोच. संयुक्त संशोधनाला निधी देणारं १९८७ पासूनचं भारत-फ्रान्स केंद्र सेफिप्रा आणि परदेशी संस्थांबरोबरच्या संशोधनासाठीची भारत सरकारची २०१८ ची स्पार्क योजना यांना एकच फूटपट्टी कशी लावणार?

मग निबंधांच्या शेवटचे आभार वाचायला घेतले. एकेका निबंधात तीन-चार निधींचे आभार. आमचा प्रकल्प क्रमांक कुठे अर्धवट, कुठे गायबच. यश कुणाच्या खात्यावर मांडायचं? माझ्या मते यावर एकच बरा उपाय आहे: अगदी थोडक्यात निधी हुकलेल्या अर्जदारांशी तुलना. नामंजूर अर्जांचे गुण मिळवायला खूप पाठपुरावा करावा लागला, पण मी हट्ट सोडला नाही. नावाजलेल्या प्राध्यापकांपैकी बऱ्याच जणांनी निधी हुकल्यावर दुसरीकडून पैसे उभे करून तेच काम केलं होतं. नुकत्याच रुजू झालेल्यांचं काम मात्र तिथेच थांबलं होतं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते विद्यार्थ्यांच्या मुलाखतींनी. पीएचडी करणारी एक मुलगी परदेशी प्रयोगशाळेत राहून गोठवलेल्या ऊतींचे पातळ काप घ्यायला शिकून आली होती. तिने वही दाखवली: तापमान, पात्याचा कोन, काप कुठे फाटतो त्याच्या लाल पेनने केलेल्या खुणा. तिच्यामागून आलेले सगळे त्याच वहीवरून शिकतात. निबंधावर तिचं नाव नाही, आणि उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे निधी कशावर खर्च झाला याच्या दाखल्यात, ती फक्त प्रवासखर्चाची एक रक्कम आहे.

अहवालाच्या नमुन्यात यासाठी रकानाच नव्हता. मी तो सुचवला: विद्यार्थ्यांनी कोणतं तंत्र आणलं आणि आज ते कोण वापरतं. 'हे मोजणार कसं' यावर बैठकीत बरीच वादावादी झाली. शेवटी, प्रकल्प संपल्यावर दोन वर्षांनी प्रयोगशाळेला फोन करून विचारायचं, असं ठरलं.