कौतुक नको, काम द्या
आज शूटवर पहिल्यांदाच डाऊन सिंड्रोम (जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असणं) असलेल्या मॉडेलसोबत काम केलं, अजून डोक्यातून जात नाहीये. मी कपड्यांचं बघते, पिना, इस्त्री, मापं वगैरे. तिची उंची कमी, त्यामुळे सँपल साइजचा, म्हणजे शूटसाठी ठरलेल्या एकाच मापात शिवलेला ड्रेस खांद्यावर बसवला तर बाह्या लांब, बाह्या दुमडल्या तर कंबर खाली, शेवटी पाठीमागून सगळं पिनांनीच धरलं होतं, आणि ती जराही हलली नाही, फोटोग्राफर म्हणाला हनुवटी थोडी खाली की तेवढीच खाली, परत तसंच म्हटलं की परत अगदी तसंच! हे आपोआप येत नाही हो. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू बहुतेक वेळा सैल असतात, तासन् तास ताठ उभं राहायचं म्हणजे किती मेहनत.

सेटवर कोणीतरी "किती गोड आहे ना" म्हणालं. नाही आवडलं मला. बाकीच्या मॉडेल्सना म्हणतो का आपण असं?

डाऊन सिंड्रोम असलेल्या मॉडेल्स याआधीही झाल्यात: मॅडलिन स्टुअर्ट २०१५ ला न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये चालली, एली गोल्डस्टीन २०२० मध्ये गुचीच्या मेकअपसाठी आणि २०२३ ला ब्रिटिश व्होग मासिकाच्या कव्हरवर, सोफिया हिराऊ २०२२ ला व्हिक्टोरियाज सीक्रेट या अंतर्वस्त्रांच्या ब्रँडसाठी. नावं आहेत, पण बोटावर मोजण्याइतकी. २१ मार्चला डाऊन सिंड्रोम दिन म्हणून एक कॅम्पेन करायचं आणि मग वर्षभर फोन नाही, याला करिअर कसं म्हणायचं? ऑडिशनला एरवीही बोलवा, पैसे बाकीच्यांएवढेच द्या, आणि ड्रेस आधीच तिच्या मापाचा शिवा ना, मी शिवून देते.