दोन्ही आकडे मर्यादेत, तरीही पाणी

त्या रात्री सर्व्हर-खोलीच्या भिंतीवरील मापक 28 अंश सेल्सिअस आणि 70 टक्के सापेक्ष आर्द्रता दाखवत होता. सर्व्हरच्या माहितीपत्रकात 10 ते 35 अंश आणि 8 ते 80 टक्के अशा मर्यादा दिलेल्या होत्या. दोन्ही आकडे त्यांत बसत असतानाही, रॅकच्या, म्हणजे सर्व्हर एकावर एक बसवायच्या सांगाड्याच्या, तळाशी राखीव ठेवलेला सर्व्हर सुरू करताच त्याचा पॉवर सप्लाय गेला. अहवालात ‘सुटा भाग सदोष’ अशी नोंद झाली. ती मला आजही पटत नाही.

एसीचा कम्प्रेसर बंद पडणे हे केवळ निमित्त होते. त्या रॅकमध्ये मधले बरेच खण रिकामे होते आणि त्यांवर ब्लँकिंग पॅनल, म्हणजे रिकामे खण झाकणारे पत्रे, लावलेले नव्हते. सर्व्हर पुढून थंड हवा ओढतो आणि मागून गरम हवा फेकतो. मधे उघडी फट मिळाली की तीच गरम हवा वळून पुन्हा पुढे येते आणि वरच्या खणांतील यंत्रे ती ओढू लागतात. खाली 17 अंशांची हवा आत जात असताना वर 31 अंशांची जात होती. वरच्या सर्व्हरने इशारा दिला की एसीचे तापमान आणखी खाली आणायचे, हा तेथील नेहमीचा उपाय. पत्र्याचे साधे तुकडे लावण्याचे काम टाळून महिनोन्‌महिने वीज जाळली जाते, याची मला खरोखर चीड येते. अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने अशा यंत्रांत शिरणाऱ्या हवेसाठी 18 ते 27 अंशांची शिफारस केली आहे. एकाच रॅकचे वरचे टोक आणि खालचे टोक या पट्ट्याच्या दोन बाजूंना बाहेर पडले होते.

कम्प्रेसर थांबल्यावर वरच्या यंत्रांचे तापमान झपाट्याने चढू लागले आणि ड्युटीवरील सहकाऱ्यांनी दार व खिडक्या उघडल्या. बाहेर पाऊस होता. आत आलेल्या हवेमुळे खोली 28 अंशांवर थोपली, पण 28 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखालच्या पृष्ठभागावर हवेतील बाष्पाचे पाणी होते तो आकडा, सुमारे 22 अंश येतो. चालू सर्व्हर आतून तापलेले असल्याने त्यांना धोका नव्हता. राखीव सर्व्हर मात्र बंद होता आणि थंड हवेच्या तोंडाशीच बसवलेला होता. सर्व्हर बंद असला तरी त्यातील व्यवस्थापन चिप जागी असते. तिच्या नोंदीत, बटण दाबले त्या वेळी, आतले तापमान 19 अंश होते. मी पोहोचलो तेव्हा त्याच्या झाकणाच्या खालच्या बाजूला बारीक थेंब होते आणि पुढच्या जाळीवर बोट फिरवले तर ओले होत होते.

वरच्या यंत्रांवरील भार हलवण्यासाठी तो सुरू केला गेला. पंखे फिरताच दमट हवा थेट त्या गार भागांवरून ओढली गेली, तीही ते भाग तापण्याआधी. माहितीपत्रकात टक्क्यांच्या शेजारीच ‘बाष्प न साचता’ ही अट आणि दवबिंदूची 21 अंशांची कमाल मर्यादा छापलेली आहे. भिंतीवरचा मापक दवबिंदू दाखवत नाही, म्हणून ती ओळ कोणी पाहत नाही.

दार उघडण्याच्या निर्णयाला मी दोष देत नाही. चालू यंत्रे वाचवायची तर हाताशी दुसरा मार्ग नव्हता. बंद यंत्राला मात्र खोलीच्या तापमानाला येईपर्यंत वेळ द्यायला हवा होता आणि तोवर वरचे कमी महत्त्वाचे सर्व्हर बंद करून भार उतरवता आला असता. ते नेमके कोणते, याची यादी त्या खोलीत कोणाकडेच नव्हती. नवा पॉवर सप्लाय बसवला गेला, तरी खण अजून उघडेच आहेत. पॅनलची मागणी आणि दवबिंदू दाखवणाऱ्या, रॅकच्या पुढच्या बाजूस वर, मध्ये आणि खाली बसवायच्या सेन्सरची मागणी मी लेखी दिली आहे. ‘सुटा भाग सदोष’ ही नोंद बदलण्याची विनंतीही त्याच पत्रात आहे.